ताकद वाढली, पण पेलणार कोण?

बालमित्रांनो, सायकलच्या चाकात हवा भरून झाल्यावर पंपाच्या खालच्या टोकाला कधी बोट लावून पाहिलंय? चटका बसतो ना! हवा दाबली की ती तापते. हा चटका लक्षात ठेवा, आज तो कामाला येणार आहे.

परवा आमच्या वर्गात गाड्यांची चित्रं जमवणाऱ्या एका मुलानं विचारलं, "बाई, गाडीला टर्बो बसवला की ती विमानासारखी पळते का हो?" मी म्हटलं, "पळेल की! पण आधी बाकीच्या गाडीला विचारायला हवं."

इंजिनात पेट्रोल जळतं ते हवेच्या मदतीनं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. टर्बोमध्ये एकाच दांड्यावर दोन छोटी चक्रं असतात. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चक्र फिरवतो आणि दुसरं चक्र ताजी हवा इंजिनात कोंबतं. मिनिटाला लाखभर फेरे! स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरनं १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं.

आता अमेरिकेतल्या ब्यूक कंपनीच्या 'ग्रँड नॅशनल' या काळ्या कुळकुळीत गाडीची गोष्ट ऐका. इंजिन सहा सिलिंडरचं, ३.८ लिटरचं, आणि गिअर आपोआप बदलणारे. १९८४ साली तिची ताकद होती २०० अश्वशक्ती. १९८६ साली तिला इंटरकूलर बसवला. म्हणजे दाबून तापलेली हवा गार करणारी जाळी. गार हवा आक्रसते, तेवढ्याच जागेत जास्त मावते. ताकद झाली २३५ आणि पुढच्या वर्षी २४५!

मग हवेचा दाब वाढवतच जावं का? छे! फार दाबलेलं, तापलेलं मिश्रण वेळेआधीच पेटतं. इंजिनात ठकठक ठोके बसतात, पिस्टनला भोकही पडू शकतं. म्हणून या गाडीत ठोके 'ऐकणारं' एक उपकरण होतं. ठोका ऐकू आला की ठिणगी जरा उशिरा पडायची.

इंजिन सांभाळलं, पण गिअरचं काय? अशा गाडीत क्लचचा पेडल नसतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू करा, वाऱ्यानं दुसराही फिरू लागेल. इथे वाऱ्याऐवजी तेल असतं. ताकद वाढली की हे तेल तापतं. पुढे गिअरच्या आतल्या चकत्या तेलाच्याच दाबानं एकमेकींना घट्ट धरतात. पकड अपुरी पडली, की त्या घसरतात आणि जळतात.

म्हणूनच १९८७ साली 'जीएनएक्स' नावाच्या ५४७ खास गाड्या बनवताना टर्बो आणि इंटरकूलर तर सुधारलेच, शिवाय गिअरची जुळणी बदलली, त्याच्या तेलाला गार करायची सोय केली, मागच्या आसाला जादा आधार दिला. जाहीर केलेली ताकद? २७६. म्हणजे अवघ्या ३१ अश्वशक्तींसाठी एवढी तयारी!

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. पालकहो, घरातल्या तरुण मुलांना हे जरूर सांगा. कारण वेग वाढवणारा माणूस सहज भेटतो. पण तेच ब्रेक, तेच टायर तो वेग पेलतील का, हे विचारायचं राहून जातं.

माझ्या त्या विद्यार्थ्यानं मात्र विचारलंच, "बाई, मग आधी ब्रेकच सुधारायचे ना?"

शाब्बास! पटलं ना तुम्हालाही?