सक्तीची लष्करी सेवा आणि भारतातील लिंगसमानता

सक्तीची लष्करी सेवा म्हणजे ठरावीक वयाच्या नागरिकांनी कायद्यानुसार काही काळ सैन्यात करावयाची सेवा होय. भारतात अशी सक्ती नाही. सैन्यभरती ऐच्छिक आहे. त्यामुळे लिंगसमानतेचा प्रश्न येथे सक्तीचा नसून प्रवेश, पद आणि सेवाकाळ यांचा आहे. त्याच्या इतिहासात पुणे जिल्ह्याला विशेष स्थान आहे.

घटनात्मक स्थिती

संविधानाच्या कलम ५१क नुसार देशाचे संरक्षण करणे व आवाहन होताच राष्ट्रीय सेवा बजावणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. त्यात स्त्री-पुरुष भेद नाही. कलम २३(२) राज्यसंस्थेला सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा देते. तसे करताना धर्म, वंश, जात व वर्ग यांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे; या यादीत 'लिंग' हा शब्द नाही. १९५० च्या सेना अधिनियमातील कलम १२ प्रमाणे केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या विभागांतच स्त्रियांना प्रवेश मिळतो.

१९९२ चा निर्णय

लष्करी परिचर्या व वैद्यकीय सेवेत स्त्रिया पूर्वीपासून होत्या. इतर शाखांचे दार १९९२ मध्ये उघडले. तेव्हा शरद पवार संरक्षणमंत्री होते. ते बारामती मतदारसंघाचे खासदार होते. बारामती व इंदापूर हे तालुके या मतदारसंघात मोडतात. सेनाप्रमुखांचा आरंभी विरोध होता, असे पवार यांनी सांगितले आहे. चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतून पहिली तुकडी मार्च १९९३ मध्ये बाहेर पडली. प्रारंभी सेवाकाळ केवळ ५ वर्षांचा होता. पुढे तो १४ वर्षांपर्यंत वाढला. मात्र अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी २० वर्षांची सेवा लागत असल्याने अनेक स्त्री-अधिकाऱ्यांना त्याविनाच निवृत्त व्हावे लागे.

न्यायालयीन निर्णय

१७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्त्रिया सेवेत असलेल्या विभागांत त्यांनाही स्थायी कमिशनसाठी पात्र ठरवले. ग्रामीण भागातून आलेले जवान स्त्रीचे नेतृत्व स्वीकारणार नाहीत, हा सरकारचा युक्तिवाद न्यायालयाने फेटाळला. मार्च २०२१ च्या निकालात मूल्यमापनातील अप्रत्यक्ष भेदभाव दाखवण्यात आला: पुरुषांना सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी लागणारा शारीरिक निकष स्त्रियांना बऱ्याच वाढलेल्या वयात लावला गेला होता. नियम वरवर समान असला, तरी परिणाम विषम असू शकतो, हे तत्त्व त्यातून पुढे आले.

खडकवासला

ऑगस्ट २०२१ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे मुलींना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची प्रवेश परीक्षा देता आली. खडकवासला येथील या प्रबोधिनीतून ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी उत्तीर्ण झाली. त्याआधी, १९९७ मध्ये, मुळशी तालुक्यातील कासार आंबोली येथे राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा सुरू झाली होती.

इतर देश

इस्रायलमध्ये १९४९ पासून स्त्रियांनाही सक्तीची सेवा आहे. मात्र विवाहित स्त्रिया व मातांना सूट मिळते. नॉर्वेने २०१५ पासून ती दोघांना लागू केली. स्वीडनने सक्ती पुन्हा सुरू करताना २०१७ मध्ये तसाच निर्णय घेतला.

सद्यस्थिती

२०२१ पासून लष्करी पोलीस दलात स्त्रिया जवान म्हणून दाखल झाल्या, तर २०२३ मध्ये तोफखान्यात स्त्री-अधिकारी नियुक्त झाल्या. पायदळ व रणगाडा दलात मात्र त्यांना अद्याप प्रवेश नाही.