हिंजवडीच्या डब्यातील गुंडाळी

मार्गशीर्षात पुण्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्याच वेळी हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानातून निघालेली वाहने वाकडच्या दिशेने मुंगीच्या पावलांनी सरकत असतात. चौविहार पाळणाऱ्या तरुणाचे सायंभोजन त्या रांगेतच हुकते. पेठेत दुकान होते तेव्हा दिवे लागण्यापूर्वी घरी जाऊन जेवून येणे ही पाच मिनिटांची गोष्ट होती. नोकरीत गल्ल्यावर दुसऱ्याला बसवता येत नाही. अशा दिवशी दुपारच्या डब्यालाच दुसऱ्या दिवशीच्या नवकारशीपर्यंतचा भार वाहावा लागतो. व्रत सुटते ते बहुधा श्रद्धेच्या अभावी नव्हे, भुकेमुळे.

संगणकासमोर बसून एका हाताने खाता येईल असा पदार्थ म्हणजे भरलेली, गुंडाळलेली पोळी. मुंबईत अमरजितसिंग टिब यांनी १९६९ मध्ये फ्रँकी रूढ केली. बैरूतमध्ये पाहिलेल्या गुंडाळलेल्या रोटीवरून त्यांना ती सुचली. आज गाड्यांवर मिळते तिच्यात मैदा आणि बटाटा, वर कांदा. आपल्या घरी मात्र तूप-साखर लावलेली पोळीची सुरळी मुलांच्या हाती देण्याची रीत फार जुनी आहे.

सारण मुगाच्या डाळीचे करावे. मोड आलेले मूग अनेक घरांत अनंतकाय म्हणून वर्ज्य असतात. मोगर डाळीला तो प्रश्न नाही. एका माणसाला ४० ग्रॅम डाळ अर्धा तास भिजवून, जिरे, हिंग, हळद व हिरव्या मिरचीच्या फोडणीत बेताच्या पाण्यावर मोकळी शिजवावी. दाणा बोटाने दाबला असता मोडावा, पण पिठूळ होऊ नये. एवढ्या डाळीतून सुमारे १० ग्रॅम प्रथिने मिळतात. बटाट्याच्या जागी उकडलेले कच्चे केळे कुस्करून घातले की सारण एकजीव होते आणि पोट दीर्घकाळ भरलेले राहते. सोबत ढोबळी मिरचीचे परतलेले काप. काकडी घालू नये; दोन तासांत पाणी सुटते.

ओलाव्यासाठी दही घालण्याचा मोह होतो. डाळीशी कच्चे दही म्हणजे द्विदळ. त्याऐवजी लिंबू पिळून कोथिंबिरीची घट्ट चटणी लावावी. चातुर्मासात पालेभाजीबरोबर कोथिंबीरही बंद होते, तेव्हा धणे, जिरे, लाल तिखट व आमचूर यांची कोरडी पूड चालते. आठम-चौदसला हिरवे वर्ज्य असेल तर केळे व मिरची गाळून नुसता मोगर भरावा; फोडणीत सुकी लाल मिरची, आणि तूप थोडे सढळ.

कणीक सकाळीच मळावी. रात्री मळून शीतकपाटात ठेवलेली कणीक वासी ठरते, मग सारणाचा सारा विवेक व्यर्थ! कोमट पाणी आणि चमचाभर तुपाचे मोहन घातले की पोळी दुपारपर्यंत मऊ राहते. ती नेहमीपेक्षा किंचित जाड व मोठी लाटावी, नाहीतर भरताना फाटते.

खरी चूक घाईत होते. वाफाळते सारण वाफाळत्या पोळीत गुंडाळून डबा बंद केला की आत घाम धरतो आणि दुपारी चिकट गोळा हाती येतो. दोन्ही पंख्याखाली निवू द्यावे, खालची कड आत दुमडून घट्ट गुंडाळावे व सुती फडक्यात बांधावे. दोन गुंडाळ्या पुरतात. सूर्यास्त रस्त्यात गाठणार अशा दिवसांत तिसरी द्यावी. ती साडेपाचला, निघण्यापूर्वी, जागेवरच खाऊन पाणी पिऊन घेता येते.