यूरोपीय संघाचा विधी

यूरोपीय संघाची सदस्य-राष्ट्रे, त्यांचे नागरिक व तेथील उद्योगसंस्था यांच्यावर बंधनकारक असलेल्या नियमांचा समूह. सामान्य आंतरराष्ट्रीय कायदा राज्याराज्यांतील करारांवर आधारलेला असून तो प्रायः राज्यांपुरताच मर्यादित असतो. संघराज्यात केंद्राचा कायदा नागरिकाला थेट लागू होतो व त्यामागे केंद्राची दंडशक्ती उभी असते. यूरोपीय संघाचा विधी या दोहोंच्या दरम्यानचा आहे. त्याचा उगम करारांत असला, तरी तो नागरिकांना थेट हक्क देतो आणि राष्ट्रीय कायद्याशी विरोध आल्यास त्याहून वरचढ असल्याचे मानले जाते; मात्र तो अंमलात आणण्यासाठी संघाजवळ स्वतःचे तुरुंग, सर्वसाधारण पोलीसदल वा ठिकठिकाणची कनिष्ठ न्यायालये नाहीत. हा विधी मुख्यतः सदस्य-राष्ट्रांच्या न्यायाधीशांच्या हातून चालतो, हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण होय.

विकास : दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स, प. जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदर्लंड्स व लक्सेंबर्ग या सहा देशांनी १९५१ मध्ये पॅरिस येथे कोळसा व पोलादविषयक करार केला. रोम येथील २५ मार्च १९५७ च्या करारान्वये यूरोपीय आर्थिक समुदाय स्थापन झाला. मास्ट्रिख्ट कराराने (१९९२, अंमल १९९३) संघ व संघनागरिकत्व अस्तित्वात आणले. लिस्बन करार (२००७, अंमल २००९) हा सध्याच्या रचनेचा आधार असून त्याने मूलभूत हक्कांच्या सनदेला करारांइतकेच विधिमूल्य दिले. ग्रेट ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडल्यानंतर सदस्यसंख्या २७ झाली.

विधीचे प्रकार : मूळ करार व सनद हा प्राथमिक विधी होय. करारांनी जे अधिकार दिले तेवढेच संघाला असतात. उरलेले सदस्य-राष्ट्रांकडे राहतात. जकात-संघ, स्पर्धाविषयक नियम, परराष्ट्र व्यापारनीती आणि यूरो वापरणाऱ्या देशांचे चलनविषयक धोरण या बाबी सर्वस्वी संघाच्या कक्षेत येतात. अंतर्गत बाजारपेठ, शेती, पर्यावरण, वाहतूक इ. विषयांत अधिकार सामायिक आहेत.

या अधिकारांच्या आधारे केलेल्या दुय्यम विधीचे मुख्य प्रकार तीन. ‘विनियम’ सर्व देशांत जसाच्या तसा लागू होतो, उदा., व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०१६ चा विनियम. ‘निदेश’ साध्य ठरवून देतो व त्यासाठी मुदत घालतो. ते साध्य कोणत्या कायद्याने गाठावयाचे, हे प्रत्येक देश ठरवितो. ‘निर्णय’ ज्यांना उद्देशून असेल, त्यांनाच बांधतो. शिफारशी व अभिमते बंधनकारक नसतात.

सामान्यतः आयोग प्रस्ताव मांडतो आणि मंत्रिपरिषद व यूरोपीय संसद मिळून तो संमत करतात. परिषदेत बहुतेक विषयांवर विशेष बहुमत लागते. म्हणजे किमान ५५% राष्ट्रांचा पाठिंबा हवा व त्या राष्ट्रांची लोकसंख्या संघाच्या ६५% तरी हवी. करआकारणी, परराष्ट्रधोरण यांसारख्या नाजूक विषयांत एकमत आवश्यक असते. बहुमताने झालेला नियम विरोधात मत देणाऱ्या राष्ट्रालाही पाळावा लागतो.

न्यायालयाने घडविलेली तत्त्वे : लक्सेंबर्ग येथील संघाच्या न्यायालयात प्रत्येक सदस्य-राष्ट्राचा एक न्यायाधीश सहा वर्षांसाठी नेमला जातो. या विधीची दोन आधारभूत तत्त्वे करारात स्पष्टपणे लिहिलेली नव्हती. ती न्यायालयाने निर्णयांतून प्रस्थापित केली.

पहिले तत्त्व प्रत्यक्ष परिणामाचे. व्हान गेंड एन लोस या डच वाहतूक कंपनीने प. जर्मनीतून आणलेल्या एका रसायनावर ३% ऐवजी ८% जकात आकारण्यात आली. जकात वाढवू नये असे बंधन रोमच्या कराराने राज्यांवर घातले होते. पण त्याचा आधार खाजगी कंपनीला घेता येईल काय, हा प्रश्न होता. समुदाय ही एक नवी विधिव्यवस्था असून तिचे घटक केवळ राज्येच नव्हेत, तर नागरिकही आहेत, असे सांगून न्यायालयाने १९६३ मध्ये कंपनीचे म्हणणे मान्य केले.

दुसरे तत्त्व प्राथम्याचे. इटलीने १९६२ मध्ये वीजउद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. त्यास विरोध म्हणून मिलानमधील एका वकिलाने २,००० लिरांहूनही कमी रकमेचे वीजबिल भरण्याचे नाकारले. करारानंतरचा राष्ट्रीय कायदा करारावर मात करतो, अशी इटलीच्या संविधान न्यायालयाची भूमिका होती. कोस्टा विरुद्ध एनेल (१९६४) या निर्णयात लक्सेंबर्गच्या न्यायालयाने ती अमान्य केली. प्रत्येक देशाने नंतरच्या कायद्याने पूर्वीचे वचन फिरविल्यास समान विधी उरणारच नाही, असे त्यामागील तर्कशास्त्र होते. सिमेंथाल खटल्यात (१९७८) याची पुढची पायरी गाठली गेली : विरोधी राष्ट्रीय कायदा बाजूला ठेवणे हे प्रत्येक न्यायाधीशाचे, मग तो कितीही कनिष्ठ असो, कर्तव्य ठरले.

या तत्त्वांचा परिणाम दैनंदिन जीवनावर झाला. स्त्रीपुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे करारातील कलम साबेना या बेल्जियन विमानकंपनीतील परिचारिकेने लावलेल्या खटल्यात (१९७६) खाजगी मालकावरही बंधनकारक ठरले. कासिस द दिजाँ या फ्रेंच मद्यात अल्कोहॉल कमी म्हणून त्याची विक्री रोखणारा प. जर्मनीचा नियम १९७९ मध्ये टिकला नाही. एका देशात कायदेशीरपणे विकला जाणारा माल सबळ कारणावाचून दुसऱ्याने अडवू नये, हा दंडक त्यातून निघाला. निदेश अंमलात न आणल्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई राज्याने नागरिकाला द्यावी, हे फ्रँकोविच निर्णयाने (१९९१) ठरविले.

अंमलबजावणी : राष्ट्रीय न्यायालयापुढील खटल्यात संघविधीच्या अर्थाचा प्रश्न उद्‌भवल्यास ते न्यायालय तो लक्सेंबर्गकडे पाठवू शकते, ज्याच्या निकालावर अपील नाही, अशा न्यायालयाला तो सामान्यतः पाठवावाच लागतो. लक्सेंबर्गचे न्यायालय विधीचा अर्थ सांगते; खटल्याचा निकाल मात्र राष्ट्रीय न्यायालयच देते. त्यामुळे नागरिकाच्या हाती पडणारा हुकूमनामा त्याच्याच देशातील न्यायाधीशाचा असतो व तेथील शासनाला तो सहसा डावलता येत नाही.

दुसरा मार्ग आयोगाचा. कर्तव्यात कसूर करणाऱ्या राष्ट्राला आयोग प्रथम सूचना देतो, नंतर न्यायालयात खेचतो. निर्णय पाळला नाही, तर द्रव्यदंड होऊ शकतो. क्रीट बेटावरील कचऱ्याच्या विल्हेवाटीबाबतचा पूर्वीचा निर्णय न पाळल्याबद्दल ग्रीसला २००० मध्ये दररोज २०,००० यूरो असा या प्रकारचा पहिला दंड झाला.

अंतिम अधिकाराचा वाद : संघविधीचे प्राथम्य अनेक राष्ट्रीय न्यायालये स्वीकारतात, पण ते आपल्या संविधानाने दिलेल्या संमतीमुळे, असे त्यांचे म्हणणे असते. प. जर्मनीच्या संविधान न्यायालयाने १९७४ मध्ये समुदायात मूलभूत हक्कांचे पुरेसे संरक्षण नसेपर्यंत तपासणीचा अधिकार स्वतःकडे राखला. असे संरक्षण आहे तोपर्यंत तो वापरणार नाही, असे १९८६ मध्ये जाहीर केले. त्याच न्यायालयाने ५ मे २०२० रोजी यूरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखेखरेदीसंबंधीचा लक्सेंबर्गचा निर्णय अधिकारबाह्य ठरविला. पोलंडच्या संविधान न्यायाधिकरणाने ७ ऑक्टोबर २०२१ रोजी करारातील काही तरतुदी संविधानविरोधी असल्याचे सांगितले. त्याच महिन्यात न्यायाधीशांच्या शिस्तभंगविषयक यंत्रणेबाबतचा आदेश न पाळल्यामुळे पोलंडला दररोज दहा लाख यूरोंचा दंड सुरू झाला. तो पुढे निम्म्यावर आणण्यात आला आणि संघाकडून मिळावयाच्या निधीतून ही वसुली करण्यात आली.

प्राथम्याचे तत्त्व करारातच स्पष्टपणे नमूद करण्याचा प्रयत्न २००४ च्या संविधान-करारात झाला होता. परंतु फ्रान्स व नेदर्लंड्समधील २००५ च्या सार्वमतांत तो करार फेटाळला गेला. लिस्बन करारात त्याविषयी केवळ एक निवेदन जोडण्यात आले. त्यामुळे अंतिम शब्द कोणाचा, या प्रश्नाला दोन्ही बाजूंना मान्य असे लिखित उत्तर नाही. व्यवहारात उभय न्यायालये संघर्ष टोकाला जाऊ देत नाहीत. संघविधी मान्यच नसलेल्या राष्ट्राला संघातून बाहेर पडण्याचा मार्ग खुला आहे. मात्र संघात राहून तो निवडक पाळण्याची मुभा नाही. राष्ट्रीय न्यायालये स्वतंत्र असतील व त्यांचे निर्णय शासन पाळीत असेल, तेथेच हा विधी प्रभावी ठरतो. म्हणूनच एखाद्या सदस्य-राष्ट्रातील न्यायाधीशांचे स्वातंत्र्य हा केवळ त्या राष्ट्राचा अंतर्गत प्रश्न राहत नाही.