प्रिंटरचा दुभाषी

दुभाष्याचे महत्त्व उमरगा तालुक्याच्या सीमेवर राहणाऱ्यांना निराळे सांगावे लागत नाही. एक मराठी बोलणारा, दुसरा कन्नड बोलणारा. मध्ये दोन्ही भाषा जाणणारा कोणी असला, की बाजार अडत नाही. संगणक आणि प्रिंटर यांचेही असेच आहे. त्यांच्यातील दुभाष्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. तो नसला, की चालता प्रिंटरही टेबलावर नुसता बसून राहतो.

हा प्रश्न आजच मांडण्याचे कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि अनेक जुने संगणक विंडोज ११ साठी अपात्र ठरले. अशा संगणकांवर लिनक्स विनामूल्य घालता येते. आपल्या सी-डॅकनेही २००७ मध्ये 'बॉस' नावाचे लिनक्स काढले. परंतु संगणक वाचला आणि प्रिंटर अडला, तर खेड्यातील शाळेने प्रश्नपत्रिका छापावी कशी?

प्रथम अडचणीचे मूळ पाहू. काही प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल यांसारख्या सर्वज्ञात भाषा जाणतात. त्यांचा दुभाषी सहज मिळतो. स्वस्त प्रिंटरमध्ये मात्र ही बुद्धी घातलेली नसते. पानाचा प्रत्येक ठिपका संगणकाने मांडून द्यावा लागतो. एका इंचात ६०० ठिपके धरले, तर ए-४ आकाराच्या पानावर सुमारे साडेतीन कोटी ठिपके होतात, म्हणजे ४ मेगाबाइटहून अधिक मजकूर. एचपीच्या लेझरजेट १०२० ची स्मृती अवघी २ मेगाबाइट! म्हणून ठिपके आवळून, ठराविक सांकेतिक रीतीने पाठवावे लागतात. शिवाय या यंत्राला स्वतःचे कामकाजही पाठ नसते. वीज चालू केली, की 'फर्मवेअर' नावाची आज्ञावली दरवेळी संगणकानेच पाठवावी लागते.

मी स्वतः हे काम ज्या क्रमाने करतो, तो असा. प्रिंटर जोडून टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा देतो. यादीत प्रिंटरपुढे दोन क्रमांक येतात. पहिला कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. यादीत नावच नसेल, तर दोष ड्रायव्हरचा नव्हे. केबल किंवा वीज तपासावी. नाव असेल, तर 'ओपनप्रिंटिंग'च्या सूचीत ते मॉडेल शोधतो. तेथे कोणता ड्रायव्हर चालतो हे दिलेले असते. लेझरजेट १०२० साठी 'फू-टू-झेडजेएस' हा ड्रायव्हर आहे. 'एचपीलिप' आणि त्याची पुरवणी यांनीही काम होते. मग ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट:६३१' लिहिले, की छपाई सांभाळणाऱ्या 'कप्स' या व्यवस्थेचे पान उघडते. तेथे प्रिंटर जोडून, ड्रायव्हर निवडून चाचणीचे एक पान काढावे. पानामागून पान निरर्थक अक्षरे येऊ लागली, तर समजावे की दुभाषी चुकीच्या भाषेत बोलत आहे. 'कॅन्सल -ए' आज्ञेने काम थांबवावे आणि कागद वाचवावा.

ज्या भाषेचे व्याकरण कंपनीने प्रसिद्धच केलेले नाही, तिचे काय? कॅननचा एलबीपी २९०० 'कॅप्ट' नावाची अशीच भाषा बोलतो. अलेक्सी गालाखोव या प्रोग्रामरने तिचे संकेत उलगडून मुक्त ड्रायव्हर लिहिला. अशा कामात संगणक आणि प्रिंटर यांच्यातील संभाषण टिपून घेतात, आणि कोणत्या संकेतानंतर यंत्र काय करते ते जुळवत जातात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ही रीत परकी वाटू नये. सांचीच्या लेखांत शेवटी पुनःपुन्हा येणारी अक्षरे 'दानं' अशी असावीत, हे ओळखून जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचे कुलूप उघडले. तेथे दगड होता, येथे केबल आहे, एवढाच फरक.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतही एक प्रिंटर आहेच. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सर्वांना सूचना मिळावी, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना त्यात करायची होती. परंतु मूळ आज्ञावली मागितली असता, गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून ती नाकारण्यात आली. १९८३ मध्ये त्यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी केलेला लिनक्सचा गाभा आणि ग्नूची साधने मिळूनच आजची लिनक्स व्यवस्था उभी आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. यंत्र विकत घेतले, तरी त्याची भाषा कुलूपबंद असेल, तर त्यावर आपली मालकी अर्धीच असते. ती भाषा कोणीतरी उलगडून सर्वांसाठी खुली ठेवली, म्हणून धाराशिवसारख्या जिल्ह्यातील एखाद्या वाचनालयाला नवा प्रिंटर घेण्याचा खर्च वाचतो. तेव्हा कपाटावर धूळ खात पडलेला प्रिंटर भंगारात देण्यापूर्वी त्याचे मॉडेल एकदा त्या सूचीत शोधून पाहावे. काम जमले, तर कोणत्या आज्ञा दिल्या ते वहीत क्रमवार लिहून ठेवावे आणि ती वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी.