अदृश्य किरणाचे शस्त्र

ज्याला धार नाही, ज्याचे टोक रोग्याच्या देहाला टेकत नाही आणि जे चालू असताना डोळ्यांना दिसतही नाही, असे जे एक साधन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शस्त्रवैद्याच्या हाती आले, ते कार्बन डायऑक्साइड लेसर होय. त्याचे जनक कुमार पटेल हे १९३८ साली बारामतीस जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची पदवी घेऊन पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले. ही गोष्ट महाराष्ट्राला जितकी ठाऊक असावयास हवी तितकी ती नाही, याची खंत वाटते.

लेसरचे मूळ आइन्स्टाइनच्या १९१७ मधील एका विवेचनात आहे. ऊर्जेने उद्दीपित झालेल्या अणूला योग्य ऊर्जेचा प्रकाशकण भेटला, तर तो अणू आपल्याजवळची ऊर्जा त्याच तरंगलांबीच्या आणि त्याच दिशेने जाणाऱ्या दुसऱ्या प्रकाशकणाच्या रूपाने सोडून देतो. मात्र या गुणाकाराचा अंमल टिकावयाचा, तर उद्दीपित अणूंची संख्या खालच्या पातळीवरील अणूंहून अधिक राखावी लागते, आणि निसर्गाचा कल नेमका याच्या उलट असतो. मे १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीवर झगझगीत दिव्याचा झोत टाकून प्रकाशासाठी ही अवस्था प्रथम साधली.

पटेल यांनी १९६४ साली बेल प्रयोगशाळेत तीच कार्बन डायऑक्साइड वायूत साधली, आणि तिच्यात नायट्रोजनची योजना तर फारच मर्मज्ञतेची होती. विद्युत्प्रवाहाने कंप पावू लागलेला नायट्रोजनचा रेणू ती ऊर्जा प्रकाशरूपाने उधळू शकत नाही. विश्वासू खजिनदाराप्रमाणे तो ती सांभाळतो आणि कार्बन डायऑक्साइडच्या रेणूशी टक्कर होताच जवळजवळ पुरेपूर त्याच्या हवाली करतो, कारण दोघांच्या ऊर्जापातळ्यांत अंतर अत्यल्प आहे. यातून १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे तांबड्या प्रकाशाहून सुमारे पंधरापट लांब लहरींचा, प्रबळ किरण मिळतो.

वैद्यकाच्या दृष्टीने या लांबीचे सारे महत्त्व पाण्यात आहे. हा किरण पाण्यात अत्यंत वेगाने शोषला जातो आणि आपली मऊ ऊतके तर बव्हंशी पाण्याचीच. त्यामुळे किरण पडेल तेथील पेशी क्षणात वाफ होऊन जातात, खालचा थर बहुतांशी शाबूत राहतो आणि बारीक रक्तवाहिन्यांची तोंडे त्याच उष्णतेने मिटतात. ही अल्प खोली स्वरयंत्राइतकी अन्यत्र क्वचितच मोलाची ठरते. बॉस्टनच्या जाको आणि स्ट्राँग या कंठशल्यवैद्यांनी हा लेसर सूक्ष्मदर्शकाला जोडून स्वरयंत्रावरील शस्त्रक्रियांचा वृत्तांत १९७२ साली प्रसिद्ध केला. काही बालकांच्या स्वरतंतूंवर विषाणूमुळे मसांचे घोस उगवतात, आवाज घोगरा होतो, श्वास कोंडू लागतो. ते काढले तरी पुनःपुन्हा येतात आणि प्रत्येक वेळी तंतूला इजा होण्याचे भय असते. लेसरने मूळ व्याधी हटत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे; पण मस जाळून तंतू राखण्याची जी सोय त्याने केली, ती त्या मुलांच्या आवाजाच्या दृष्टीने मुळीच लहान नव्हे.

किरण अदृश्य असल्याने त्याच्या वाटेवर दुसऱ्या, दृश्य लेसरचा तांबडा ठिपका सोडून नेम धरावा लागतो. साध्या काचतंतूतून तो जात नसल्याने सांध्या-सांध्यावर आरसे बसविलेल्या पोकळ भुजेतून तो रोग्यापर्यंत आणतात. पण सर्वांत कडक बंदोबस्त आगीचा. भुलीसाठी श्वासनलिकेत घातलेली नळी आणि तिच्यातून वाहणारा प्राणवायू यांच्या निकट हा किरण चालतो, आणि नळीने पेट घेतला तर तो वणवा थेट फुप्फुसांकडे धावतो. म्हणून भूलतज्ज्ञ प्राणवायूचे प्रमाण शक्य तेवढे उतरवितो, सभोवती ओली पट्टी ठेवली जाते, आणि नळीच्या टोकाचा फुगा हवेऐवजी निळा रंग कालविलेल्या मिठाच्या पाण्याने भरतात, जेणेकरून किरणाने तो फुटलाच तर पाणी आग विझवील आणि निळा ओघळ शस्त्रवैद्याला तत्क्षणी सावध करील.