बालकांचे सत्त्वबल : औषधाच्या बाटलीपलीकडे

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की ‘मुलाला स्मरणशक्तीचे काहीतरी द्या’ ही मागणी चिकित्सालयात आणि औषधी दुकानात सारखीच वाढते. चरकाचार्यांनी मण्डूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही मेध्य रसायने सांगितली आहेत. त्यांचे महत्त्व आपण जाणतोच. तथापि या मागणीच्या मुळाशी पुष्कळदा मेधेचा नव्हे, तर सत्त्वबलाचा प्रश्न असतो.

विमानस्थानात सत्त्वपरीक्षेच्या प्रसंगी प्रवर, मध्य व अवर असे तीन भेद वर्णिले आहेत. प्रवरसत्त्व व्यक्ती मोठ्या पीडेतही डळमळत नाही. मध्यसत्त्व व्यक्ती इतरांकडे पाहून स्वतःला सावरते, अथवा इतर तिला सावरतात. हा ‘इतरांचा आधार’ बालचिकित्सेत कळीचा आहे.

हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर व रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. दारिद्र्य, गृहकलह, पालकांचा मनोविकार अशी अनेक संकटे ज्यांच्या वाट्याला एकत्रित आली, त्या बालकांपैकी सुमारे एक तृतीयांश कर्तबगार व प्रेमळ प्रौढ झाले. अशा बालकांना निदान एका स्थिर, मायाळू व्यक्तीचा सहवास लाभला होता. ती आई-वडीलच होती असे नाही, आजी, आजोबा वा शिक्षकही होते. अनेकांवर घरातील एखादी खरी जबाबदारीही होती. किशोरवयात भरकटलेल्यांपैकीही बरेच जण पुढे सावरले. म्हणून कोणत्याही बालकावर ‘अवरसत्त्व’ असा कायमचा शिक्का मारणे योग्य नव्हे.

आपले ग्रंथही हेच सुचवितात. रडणाऱ्या किंवा न जेवणाऱ्या बालकास राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, असे चरक शारीरस्थानात स्पष्ट सांगतात. आज राक्षसाची जागा गुणपत्रिकेने घेतली आहे, इतकाच फरक!

मग आपण काय करावे? वैद्यांनी मेध्य कल्प लिहिण्यापूर्वी निद्रा, क्षुधा, खेळ व मित्र यांविषयी विचारावे आणि बालकाशी थोडा वेळ एकान्तात बोलावे. ‘घरात मनातले कोणाला सांगतोस?’ या प्रश्नाला उत्तर न मिळाल्यास तेथेच निदानाचा धागा सापडतो. पालकांना तुलना टाळण्यास, झोपेची वेळ पाळण्यास आणि मुलाकडे झेपेल असे घरकाम सोपविण्यास सांगावे. हीच सत्त्वावजयाची व्यवहारातील सुरुवात होय.

औषधी दुकानदारांनी गुणवाढीची हमी देऊन कल्प विकू नये. तोच पालक पुन्हा-पुन्हा बाटली नेत असेल, तर वैद्यांकडे पाठवावे.

मूल अनेक आठवडे उदास, एकलकोंडे राहत असेल किंवा जीव देण्याची भाषा करीत असेल, तर रसायनावर विसंबून विलंब करू नये. त्यास एकटे न सोडता तत्काळ मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात व दुकानात दर्शनी भागी लावावा.

बाटली संपते, आधार देणारे माणूस मात्र बालकाला जन्मभर पुरते. ते माणूस शोधून देणे हेही चिकित्साकर्मच आहे.