‘चांगला कॅमेरा’ : कशासाठी चांगला?

‘चांगला’ या शब्दाबद्दल आपण या मालेत आजवर बरंच बोललो, पण ते सगळं माणसाच्या चांगुलपणाबद्दल होतं. आज एक वस्तू घेऊ. वस्तूच्या बाबतीत ‘चांगली’ म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो, हे तपासायला दिसायला देखणी आणि किमतीने जड अशी वस्तू बरी पडते. कारण तिथे मनाची फसगत लवकर होते.

आपलं उदाहरण आहे फुजीफिल्मचा एक्स१००व्हीआय. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला हा लहान डिजिटल कॅमेरा. या मालिकेतला पहिला कॅमेरा २०१० साली जर्मनीत कोलोनच्या प्रदर्शनात दाखवला गेला. तेव्हापासून रूप तेच : जुन्या फिल्मच्या काळातल्या कॅमेऱ्यासारखं, वर धातूच्या चकत्या, पुढे एकच भिंग, तेही न बदलता येणारं. किंमत आपल्याकडे दीड लाखाच्या वर. याच्या आधीचा २०२० मधला कॅमेरा टिकटॉकवर असा काही गाजला, की दुकानांतून मिळेनासा झाला आणि जुना, वापरलेला नग मूळ किमतीपेक्षा महाग विकला जाऊ लागला. इतके लोक धावतात म्हणजे तो चांगलाच असणार, हा युक्तिवाद कच्चा आहे हे तुम्हाला सांगायला नको. तो वाईट असणार, हाही तितकाच कच्चा.

मग तपासायचं कसं? प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्याच भागात सॉक्रेटिस एक साधं उदाहरण देतो. द्राक्षाची वेल खंजिराने छाटता येते, दुसऱ्या सुरीनेही येते. पण छाटणीसाठीच घडवलेल्या कोयत्याने ती सर्वांत चांगली छाटता येते. एखाद्या वस्तूचं ‘कार्य’ म्हणजे जे फक्त तीच करते, किंवा इतरांपेक्षा सरस करते ते. आता आपल्या सगळ्यांच्या खिशात एक खंजीर आहेच, मोबाइल फोन. तेव्हा ‘हा कॅमेरा चांगले फोटो काढतो का’ हा प्रश्न पुरेसा नाही. फोनही काढतो. फोन जे करत नाही किंवा कमअस्सल करतो, असं हा काय करतो, ते विचारायचं.

पहिली गोष्ट प्रकाशाची. अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो, पण परातीत पाणी जास्त जमतं. सेन्सरचं तसंच आहे. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ७०-८० चौरस मिलिमीटरचा, याचा ३६०च्या वर. अजिंठ्याला जा. पहिल्या लेण्यात पद्मपाणीपुढे उजेड मंद, फ्लॅशला बंदी, तिकाटणे लावायचे तर पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी. अशा ठिकाणी एफ/२ चं भिंग, मोठा सेन्सर आणि हाताचा कंप सावरणारी आतली यंत्रणा, या तिघांचं काम दिसतं. नवे फोन अंधारात भराभर अनेक चित्रं घेऊन ती एकमेकांत मिसळतात आणि काम पुष्कळ भागवतात, हे मान्य. पण रंगाच्या पोपड्यांचा, भेगांचा तपशील त्यात गुळगुळीत होण्याचा धोका असतो. मात्र एक लक्षात ठेवा. कंप सावरणारी यंत्रणा आपला हात सावरते, समोरच्याचे पाय नाही. भित्तिचित्र स्थिर असतं म्हणून तिथे ती उपयोगी. संध्याकाळी नाचत चाललेल्या दिंडीपुढे तिचा काही इलाज चालत नाही.

दुसरी गोष्ट डोळ्याला लावून पाहण्याची. एप्रिलच्या दुपारी दौलताबादच्या वाटेवर फोनच्या पडद्यावर काही दिसतं का, बघा. व्ह्यूफाइंडरची खिडकी तिथे खरी कामाची. चष्म्याच्या नंबरानुसार ती जुळवूनही घेता येते, आमच्या वयाच्या लोकांना हे फार. उलट, आयएसओचे आकडे वरच्या चकतीतल्या एका बारीकशा झरोक्यात दिसतात. ते वाचायला आम्हाला भिंग लागेल!

आता ‘रोजच्या आणि प्रवासाच्या वापरासाठी’ असं एका दमात म्हटलं जातं, पण या दोन वेगळ्या मागण्या आहेत. रोजच्यासाठी वस्तू नकळत बरोबर यायला हवी. हा कॅमेरा ५२१ ग्रॅमचा आणि सुमारे साडेपाच सेंटिमीटर जाड. सदऱ्याच्या खिशात मावत नाही, पिशवी लागतेच. रिकोचा जीआर-३ घ्या. तेवढ्याच आकाराच्या वर्गातला सेन्सर, वजन २५७ ग्रॅम, पँटच्या खिशात जातो. पण त्याला व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅश नाही आणि एका चार्जवर जेमतेम २०० फोटो. रोजच्यासाठी आम्ही रिकोच्या बाजूने झुकू.

प्रवासाला निराळंच काही लागतं. पाऊस, धूळ, गर्दी. फुजीचा कॅमेरा हवामानाला तोंड देतो म्हणतात, पण त्यासाठी पुढे एक कडं आणि त्यावर फिल्टर लावावा लागतो, ते दोन्ही वेगळे विकत घ्यायचे. आषाढाच्या सरीत खोक्यातून काढला तसा नेऊ नये. आणि एक गुणधर्म कुठल्याच तक्त्यात छापत नाहीत : हरवण्याची भीती. दीड लाखाची वस्तू एसटीच्या गर्दीत काढायला हात धजावत नसेल आणि ती लॉजच्या कपाटातच राहत असेल, तर तुमच्या हातात ती प्रवासाची वस्तूच नाही, मग तिचे मेगापिक्सेल ४० असोत की ४००.

राहिला प्रश्न देखणेपणाचा. कांटने १७९० च्या ग्रंथात सौंदर्याचे दोन प्रकार केले. एक मोकळं, फुलाचं. दुसरं वस्तूच्या प्रयोजनाशी बांधलेलं, इमारतीचं. कॅमेऱ्याचं रूप दुसऱ्या प्रकारचं. शटरची चकती, भिंगावरचं छिद्र लहानमोठं करणारं कडं, एक्सपोजर कमी-जास्त करणारी चकती, यांच्यामुळे कॅमेरा बंद असतानाही तो कसा लावला आहे ते नजरेला कळतं. हे रूप कामातून आलंय. ज्यांनी याशिका वापरला त्यांचा हात तिथे आपोआप जातो. याचे गुण द्यायलाच हवेत.

पण रूपाचा दुसरा वाटा आहे, लोकांनी आपल्याकडे पाहावं यासाठीचा. व्हेब्लेनने १८९९ मध्ये चांदीच्या हातघडणीच्या चमच्याचं उदाहरण दिलं. तो यंत्रावरचा निघाला तर त्याचं सौंदर्यही एकाएकी ओसरतं. म्हणजे आपण ज्याला सौंदर्य म्हणत होतो त्यात किंमत मिसळलेली होती. रस्त्यावर फोटो काढणाऱ्याला तर ही चमक अडचणच. कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाच्या चकाकत्या भागांवर काळी पट्टी चिकटवत असे, लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून. नावावर पट्टी चिकटवली तरी हा कॅमेरा आवडेल का, असं मनाशी विचारून बघा. नाही म्हणालात, तरी विकत घ्यायला कुणाची बंदी नाही. फक्त तो खर्च दागिन्यांच्या खात्यात लिहा, साधनांच्या नाही.

घ्यावा की नाही, याचा निकाल त्या एकाच भिंगाशी अडतो. त्याचा कोन ३५ मिलिमीटरच्या जुन्या भिंगाइतका. दूरचं जवळ आणायचं तर चित्र कापायचं. दुप्पट जवळ आणलंत की ४० मेगापिक्सेलचे १० उरतात. पक्षी, क्रिकेट, नातवंडाचं स्टेजवरचं नृत्य, यांसाठी तो नव्हेच. तेव्हा पैसे मोजण्याआधी पुढच्या सहलीत फोनचा झूम साधारण दीडपटीवर ठेवा आणि परत येईपर्यंत त्याला हात लावू नका. पुढे-मागे चालायचं ते पायांनीच. दुसऱ्या दिवशी बोट आपोआप झूमकडे गेलं तर दुकानात जायची घाई नको. नाहीच गेलं, तर निदान दुकानात जाऊन तो हातात घेऊन बघायला हरकत नाही.